साडेएकोणसाठ

मिल्का कांगासला हँकॉक गावात लोक पाठीमागे 'साडेएकोणसाठ' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून ते तिला आवडायचंही.

पतपेढीत ती एकतीस वर्षं होती. १९८२ साली निवृत्तीची खाती सगळ्यांना खुली झाली, तेव्हापासून ते टेबल तिच्याकडे. तांब्याच्या खाणी बंद पडलेला तो मुलूख. लोकांकडे घर, एक जुना ट्रक आणि हे खातं, एवढंच काय ते असायचं. दर वर्षी थोडं थोडं टाकायचं, टाकलेल्यावर त्या वर्षी कर नाही, आणि वयाची साडेएकोणसाठ वर्षं पुरी होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. लावला तर कर भरायचाच, वर दहा टक्के दंड.

"साठ का नाही?" लोक विचारायचे. "आणि एकोणसाठ तरी का नाही? साडेएकोणसाठ हे काय वय झालं?"

"ते सरकारला विचार," मिल्का म्हणायची. "मी फक्त तुझा वाढदिवस बघते आणि त्यात सहा महिने मिळवते."

तिच्या टेबलाशी येऊन रिकाम्या हाताने परत गेलेली माणसं गावात पुष्कळ होती. कुणाला मोटरबोट घ्यायची असायची, कुणाला मेहुण्याच्या बारमध्ये भागी. मिल्का पेन्सिलीने आकडा मांडायची, कागद उलटा करून समोर सरकवायची, आणि गप्प बसायची. माणूस आकड्याकडे बघायचा, टोपी डोक्यावर चढवायचा आणि उठायचा. त्यांतले बरेच जण पुढे म्हातारपणी रस्त्यात भेटले की थांबून तिचे आभार मानत. बारमधला मेहुणा तर दोन वर्षांत दिवाळं काढून बसला होता.

पण नियमाला जिथे फट असे, तिथली फटही तिला माहीत होती. टाउनो नावाच्या नळ दुरुस्त करणाऱ्याचा जबडा शिडीवरून पडून फुटला, दातांचा खर्च डोंगराएवढा झाला, तेव्हा तिने सरकारी पुस्तिका घरी आणून रविवारभर वाचली. औषधपाण्याचा खर्च मिळकतीच्या एका मर्यादेपलीकडे गेला तर वरच्या रकमेपुरता दंड माफ होतो, हे तिने शोधलं आणि टाउनोला एका सेंटचाही दंड बसू दिला नाही. टाउनोने नव्या दातांनी हसून दाखवलं तेव्हा अख्खी पतपेढी टाळ्या वाजवत होती.

म्हणजे बाई कठोर नव्हती. मनात आणलं तर ती वाट काढू शकत असे. पुढे जे घडलं त्यात हेच तिला सगळ्यात जास्त बोचत राहिलं.

मिल्काचं माहेर जवळच्याच कॅल्युमेटचं. बाप क्रोएशियातून आलेल्या खाणकामगाराचा मुलगा, घरात कॅथलिक रिवाज, सणाला अक्रोडाची गुंडाळलेली पोळी. १९६८ साली तिने वायनो कांगासशी लग्न केलं. वायनो फिनिश, लुथरन पंथाचा, उंच, गोरापान आणि बोलायला महाग. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गॅरेजमध्ये बर्फ लोटायचे ट्रक दुरुस्त करायचा. त्या भागात वर्षाला वीस-वीस फूट बर्फ पडतो. ट्रक बंद पडला तर गाव बंद पडतं. त्यामुळे वायनोला हिवाळाभर उसंत नसे. आणि उन्हाळा आला की त्याला एकच गोष्ट सुचे, ती म्हणजे कॅम्प.

कॅम्प म्हणजे सुपीरियर सरोवराच्या काठावरची लाकडी झोपडी, दोन खोल्यांची. वीज नाही, नळ नाही. शेजारी त्याच्या आजोबांनी ओंडके रचून बांधलेला सौना. दगड तापवायचे, त्यांवर पाणी टाकायचं, वाफेत बसायचं आणि अंग लालबुंद झालं की धावत जाऊन सरोवराच्या गारठ्यात उडी टाकायची. हे सगळं वायनोच्या एनोकाकाच्या नावावर होतं, पण जुलै महिन्यात सगळं कांगास कुटुंब तिथे जमायचं. घरी चार शब्द न बोलणारा वायनो तिथे गाणी म्हणायचा. मिल्काने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हा आपलाच नवरा ना, म्हणून वळून पाहिलं होतं.

पण तिचं तिथे जमलं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात बायकांच्या पाळीला ती सौनात गेली. सासूबाई लेम्पी वरच्या फळीवर, लेम्पीच्या दोन जावा बाजूला, आणि मिल्का खालच्या फळीवर अंग चोरून. लेम्पीने दगडांवर तांब्याभर पाणी ओतलं. वाफेचा लोट अंगावर आला, मिल्काचा श्वास कोंडला, ती धडपडत दाराकडे गेली. पाठीमागून लेम्पी फिनिशमध्ये काहीतरी म्हणाली आणि तिघी खदखदून हसल्या.

"काय म्हणाल्या रे त्या?" तिने बाहेर वायनोला विचारलं.

"काही नाही. असंच."

दर उन्हाळ्यात ते वाक्य निघायचं, दर वेळी हसू फुटायचं, आणि दर वेळी वायनोचं 'काही नाही'. ऐकून ऐकून तिला थोडी फिनिश कळायला लागली. दहाव्या वर्षी वाक्याचा अर्थ लागला. 'क्रोएशियनाची पोर चरबीसारखी वितळते.' त्यात फार काही विषारी होतं असं नाही. पण वायनोला पहिल्या दिवसापासून ते कळत होतं, आणि त्याने आपल्या आईला एकदाही 'पुरे' म्हटलं नाही. मिल्काने हे कुणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "मला बाई जंगलात झोप लागत नाही." १९९० मध्ये लेम्पी वारली. त्यानंतर मिल्काने कॅम्पवर जाणं सोडलं. वायनो एकटा जायचा, रविवारी परत यायचा, अंगाला लाकडाच्या धुराचा वास घेऊन.

१९९७ च्या ऑक्टोबरात एनोकाकाच्या माघारी त्याच्या डेट्रॉइटच्या मुलांचं पत्र आलं. कॅम्प विकायचा होता. छत्तीस हजार डॉलर. पहिला मान वायनोचा, पण उत्तर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत हवं.

वायनो त्या दिवशी कामावरून आला, हाताचं ग्रीस घासून घासून काढलं, आणि स्वच्छ शर्ट घालून स्वयंपाकघरात बसला. पत्र टेबलावर ठेवलं.

"माझ्या त्या खात्यात किती आहेत?"

"साठला थोडे कमी," मिल्का म्हणाली. तिला प्रत्येकाच्या खात्यातलं तोंडपाठ असे. "का?"

"मला कॅम्प घ्यायचाय."

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत वायनोने 'मला हवंय' असं कधी म्हटल्याचं तिला आठवेना. तिने पत्र वाचलं. मग खुंटीवरची पेन्सिल घेतली, पत्राचं पाकीट उलटं केलं आणि आकडा मांडला. पतपेढीत मांडायची तसाच.

"छत्तीस हातात पडायला हवेत तर पंचावन्नच्या घरात काढावे लागतील. केंद्राचा कर, राज्याचा कर, आणि दंड. नुसता दंडच साडेपाच हजार, वायनो. दोन महिने ट्रकखाली उताणा पडतोस तेव्हा एवढे मिळतात तुला. आणि ते द्यायचे कशाबद्दल? तर तीन वर्षं दम धरवला नाही म्हणून."

"तीन वर्षं ते थांबायचे नाहीत."

"मग दुसरा मिळेल. सरोवराला काय काठाची कमी आहे?"

"दुसरा," वायनो म्हणाला. नुसताच तेवढा शब्द. त्याने पाकिटाकडे बराच वेळ पाहिलं. तिला वाटलं, आता हा भांडेल. तिने उत्तरं तयार ठेवली होती. पण तो भांडला नाही. पत्राची घडी घालून त्याने खिशात ठेवली आणि म्हणाला, "जेवायला काय आहे?"

मिल्काने सांगितलेला एकही आकडा खोटा नव्हता. पण तिने जे सांगितलं नाही तेही तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांचं घर कर्जमुक्त होतं. घरावर कर्ज काढून लोक जमिनी घेत, आणि ते अर्ज पतपेढीत तिच्या शेजारच्याच टेबलावर भरले जात. थोडे या वर्षात, थोडे जानेवारीत काढले असते तरी कर बराच कमी पडला असता. टाउनोच्या दातांसाठी तिने एक रविवार घालवला होता. नवऱ्याच्या कॅम्पसाठी तिने एक पाकीट खर्च केलं.

ग्रीन बेच्या कुणा दंतवैद्याने कॅम्प घेतला. पुढच्या जूनमध्ये वायनोला लाकूडवाल्याकडून कळलं, की नव्या मालकाने मोठं घर बांधायला घेतलंय आणि सौना पाडला. वायनोने घरी येऊन तेवढंच सांगितलं, "सौना पाडला." आणि पिठाच्या पारीत मटण-बटाटे भरून भाजलेली पेस्टी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मिल्काला त्या शांतपणाने हायसं वाटलं. आपण उगाच घाबरलो, असंही वाटलं.

त्यानंतर वायनो उन्हाळ्यात कुठे गेला नाही. गवत कापायचा, पोर्चमध्ये बसायचा. गाणं तिने पुन्हा ऐकलं नाही. पण गाणं थांबलंय हे कळायलाही तिला काही वर्षं लागली.

२० नोव्हेंबर २००० ला त्याला साडेएकोणसाठ पुरी झाली. मिल्काने ती तारीख तीन वर्षं डोक्यात ठेवली होती. दुपारी ती केक आणि पैसे काढायचा अर्ज, दोन्ही घेऊन घरी आली. हरणांच्या शिकारीचे दिवस होते, वायनो रिकाम्या हाताने जंगलातून येऊन बूट काढत होता.

"घे," ती म्हणाली. "आजपासून तुझे पैसे तुझे. दंड नाही. हवं ते घे."

वायनोने अर्ज हातात घेतला, चष्मा शोधला, वरपासून खालपर्यंत वाचला. थट्टा करायची म्हणून नव्हे, खरोखरच विचारावं तसं त्याने विचारलं, "काय घेऊ?"

ती केकचं खोकं उघडायला लागली. त्याने अर्ज परत दिला. "राहू दे तिथेच. वाढतंय ना?"

"वाढतंय."

"मग झालं तर."

केक दोघांनी खाल्ला. चांगला होता.

याच्या आदल्या वर्षी तिच्या टेबलाशी एकाने तिचं ऐकलं नव्हतं. अर्ल ट्रेम्बाथ. लाकडाच्या गिरणीत करवत चालवायचा, वय चौपन्न, आवाज गिरणीच्या वरचा. त्याला चौदा हजार काढायचे होते. बायकोला, ओपलला, अलास्काला जाऊन देवमासे बघायचे होते.

"आजारी आहे का ती?" मिल्काने विचारलं. आजारपण असेल तर काही सवलत निघते का बघावं, म्हणून.

"छे! घोडीसारखी ठणठणीत आहे. पण गेली वीस वर्षं ती त्या माशांचं कॅलेंडर भिंतीला लावते. दर वर्षी नवं. मला त्या कॅलेंडरचा कंटाळा आलाय."

"अर्ल, चौदाशे डॉलर दंड बसेल. साडेपाच वर्षं थांबलास तर तेच—"

"साडेपाच कॅलेंडरं," अर्ल म्हणाला. "आण कागद इकडे. सही कुठे?"

मिल्काने सही कुठे करायची ते दाखवलं आणि घरी येऊन वायनोला सांगितलं, की माणसं किती मूर्ख असतात. वायनो म्हणाला, "हं."

२०११ च्या एप्रिलमध्ये ओपल गेली. मिल्काला तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅम, बटाटे, जेली, नेहमीचंच. अर्ल प्रत्येक टेबलापाशी जाऊन दोन शब्द बोलत होता. त्यांच्या टेबलापाशी आला तेव्हा त्याचा तो गिरणीवरचा आवाज पार बसलेला होता.

"साडेएकोणसाठ," तो म्हणाला. तोंडावर असं म्हणणारा तो पहिलाच. "तुला सांगायचं राहून गेलं होतं. तिने तिथे बोटीच्या कठड्याला धरून अशी किंकाळी मारली, की कप्तान धावत आला. मासा वर आला होता, इथे, या टेबलाएवढ्या अंतरावर. पुढची बारा वर्षं तिने तेवढीच गोष्ट सांगितली. दवाखान्यातसुद्धा, नर्सला." त्याने खिशातून रुमाल काढला. "तो दंड मी भरला ना, त्याच्यासारखी स्वस्त गोष्ट मी जन्मात घेतली नाही. तुझा काही दोष नाही हो. तू बरोबरच सांगत होतीस."

तो पुढच्या टेबलाकडे गेला. मिल्काने काटा खाली ठेवला. शेजारी वायनो बटाटे खात होता. तिने त्याच्याकडे पाहिलं तर तो आधीपासून तिच्याकडेच बघत होता, आणि तिने पाहिल्याबरोबर त्याने मान खाली घातली.

घरी येताना गाडी ती चालवत होती. पुलाच्या अलीकडे, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानासमोर तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" वायनोने विचारलं. "खडखडतेय का?"

"गाडीला काही झालं नाही. तुला एक सांगायचंय. तो कॅम्प... ते दंडामुळे नव्हतं, वायनो."

तो समोरच्या काचेतून बघत राहिला.

"मला तो नकोच होता. तिथे मला परत पाऊल टाकायचं नव्हतं. घरावर कर्ज मिळालं असतं, मी तुला सांगितलं नाही. आणखीही वाटा होत्या. दंड माझ्या हाताशी होता, तो मी पुढे केला."

"माहितीये," वायनो म्हणाला.

"काय माहितीये?"

"टाउनोच्या दातांसाठी तू पुस्तकं वाचत बसली होतीस. माझ्यासाठी एक पाकीट. मला काय कळत नाही?"

"तेव्हाच कळलं होतं तुला? त्याच दिवशी?"

"हो."

"चौदा वर्षं! अरे, मग बोलला का नाहीस? भांडायचंस माझ्याशी!"

वायनोने बराच वेळ घेतला. त्याची बोलायची रीतच तशी होती, पण या वेळी तो शब्द शोधत नव्हता, उचलून वर आणत होता.

"मी का म्हणून विचारलं असतं, तर तू आईचं नाव काढलं असतंस," तो म्हणाला. "मग तू म्हणाली असतीस, तू तिला कधी गप्प का नाही केलंस. त्याला माझ्याकडे काय उत्तर होतं? म्हणून मी म्हटलं, दंड तर दंड."

"आणि खातं माझ्या नावावर होतं," तो पुढे म्हणाला. "सही माझी एकट्याची लागत होती. तुझी लागतच नव्हती. अर्लने केली की नाही? मी नाही केली. तू एकटीने नाही घालवलास तो कॅम्प."

त्यांनी एकमेकांचा हात वगैरे धरला नाही. तशी ती माणसं नव्हती. थोड्या वेळाने वायनो म्हणाला, "चल, थंडी वाजतेय," आणि तिने गाडी सुरू केली. पण घरी गेल्यावर त्याने पहिल्यांदाच तिला सौनातल्या त्या वाक्याबद्दल विचारलं, तुला अर्थ कळत होता का म्हणून. ती म्हणाली, "दहाव्या वर्षापासून." तो खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. सत्तरीला टेकलेला नवरा असा बसलेला तिने कधी पाहिला नव्हता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात वायनोला साडेसत्तर पुरी झाली. आता नियम उलटा फिरला. ज्या पैशाला हात लावू नका म्हणून सरकारने इतकी वर्षं बजावलं, तो पैसा आता दर वर्षी थोडा थोडा काढलाच पाहिजे, नाही काढला तर न काढलेल्या रकमेचा निम्मा दंडात जाईल, असं त्या वेळी होतं. पहिल्या वर्षाचा आकडा आला चार हजार तीनशे.

"आधी घेऊ देत नाहीत, मग घ्यायला लावतात," वायनो म्हणाला. "या लोकांना नक्की हवंय काय?"

"तुला काय हवंय ते सांग," मिल्का म्हणाली. "खरंच सांग. या वेळी मी पेन्सिल घेणार नाही."

त्याने विचार केला. दोन-तीन दिवस केला. मिल्का रोज सकाळी त्याच्या तोंडाकडे बघायची. शेवटी तो म्हणाला, "छपराचे पत्रे बदलूया."

पत्रे बदलले. दुसऱ्या वर्षी घर तापवायची भट्टी बदलली. तिसऱ्या वर्षी तिने स्वतःच विषय काढला, कुठेतरी काठावर आठवडाभर खोली भाड्याने घेऊ, तिथेही सौना असतात. ते गेले. खोली छान होती, सौना विजेवर चालणारा. मिल्का त्याच्याबरोबर आत बसली, वरच्या फळीवर, घामाने निथळत, दार गाठायचं नाही असं ठरवून. वायनो दहा मिनिटांत उठला. गुडघे दुखतात, म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने टीव्हीवर बेसबॉल पाहिला. तो खूश नव्हता असं नाही. तिच्यासाठी तो खूश होता, आणि ते तिला दिसत होतं. तेच पाहवत नव्हतं.

२०१५ च्या फेब्रुवारीत, अंगणातलं बर्फ काढताना वायनो फावड्यावर वाकला तो उठलाच नाही.

त्याचं खातं मिल्काकडे आलं. काढून काढूनही त्यात एक लाखाच्या वर होते. वसंत ऋतूत ती पतपेढीत गेली. तिच्या जुन्या टेबलाशी मार्क्वेटहून बदलून आलेला एक चाळिशीचा गृहस्थ होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली आणि म्हाताऱ्या बायकांशी बोलतात तसं सावकाश, मोठ्याने बोलायला लागला.

"हे बघा, यजमान वर्षाच्या मधेच गेले असले तरी त्या वर्षीचा त्यांचा वाटा काढावाच लागतो. तो आता तुम्ही काढायचा. ते असते तर त्यांनी काढला असता, तेवढाच. समजलं का?"

"समजलं," मिल्का म्हणाली. हा नियम तिने किती विधवांना सांगितला होता त्याची मोजदाद नव्हती. 'तुमच्या यजमानांचा शेवटचा वाटा.' समोरची बाई त्यावर रडायला लागली, की मिल्का कागदी रुमालाची पेटी पुढे करायची आणि बोट सहीच्या जागी ठेवून वाट बघायची. या माणसाने पेटी पुढे केली नाही, कारण ती रडली नाही. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"काही विचारायचंय?"

"नाही. तुम्ही छान समजावून सांगता."

आता ती एकटीच राहते. मुलगी मिनियापोलिसला ये म्हणते, ती जात नाही. गावात अजून पुष्कळ लोक पतपेढीत जायच्या आधी तिच्याकडे येतात. मागच्या वर्षी वसंतात डार्ला आली. दोन घरं पलीकडची, शाळेची बस चालवते. तिचा नवरा केन अठ्ठावन्न वर्षांचा, साडेएकोणसाठीला अजून सव्वा वर्ष होतं. त्याने एक होडी हेरली होती. कामाला रामराम ठोकायचा, आणि मिसिसिपी नदी उगमापासून समुद्रापर्यंत होडीतून उतरायची, दोघांनी, असं त्याच्या डोक्यात भरलं होतं.

"तुम्ही त्याला दंड समजावून सांगा," डार्ला म्हणाली. "तुमचं ऐकेल तो. तुमचं सगळं गाव ऐकतं."

"तुला जायचंय का?"

"मला? मला पाण्याची भीती वाटते."

"हे सांगितलंस का त्याला?"

"ते कसं सांगू? इतका खुशीत आहे. दंडाचं सांगितलं की आपोआप थांबेल."

मिल्काने हातातला कप खाली ठेवला. "मग दंडाचं नाव काढू नकोस. पाण्याची भीती वाटते म्हणून सांग. तो एकटा जाईल, नाहीतर तुला पोहायला शिकवेल, नाहीतर रागावेल. काय ते होऊ दे. पण दंड मधे घालू नकोस."

डार्ला जरा गोंधळली. तिला आकडा हवा होता. मिल्काने तोही दिला, कारण आकडा खोटा सांगणं तिला जमलं नसतं. सत्तावीसशे डॉलर.

"बघा म्हणजे!" डार्लाचा चेहरा उजळला. "इतका दंड भरून कोण जातं? आमच्या जागी असतात तर तुम्हीही थांबलाच असतात की."

"मी थांबले नाही," मिल्का म्हणाली. "मी थांबवलं."

डार्लाला ते नीट ऐकू आलं नसावं. कागदाची घडी पर्समध्ये टाकून, आभार मानून, ती उठली. दारात तिने दोनदा आभार मानले.

केनने होडी घेतली, पण खात्याला हात लावला नाही, नोकरी सोडली नाही, आणि होडी नदीवर नेलीही नाही. उन्हाळाभर ती त्यांच्या अंगणात उलटी पडून होती. मिल्का फिरायला निघाली की तिला ती दिसायची. एकदा केन तिथेच उभा राहून बागेला पाणी घालत होता. त्याने हात हलवला, "तुमच्यामुळे दंडातून वाचलो हं, मिल्का!" असं ओरडून सांगितलं. तिनेही हात हलवला. थांबून त्याला काहीतरी सांगावं म्हणून ती कुंपणापर्यंत गेलीसुद्धा, पण डार्ला खिडकीत होती. मिल्का म्हणाली, "टोमॅटो छान आलेत," आणि पुढे निघाली.